मेंदूची मानस तुंबते तेव्हा: तरुण स्त्रियांमधील शिरेचा पक्षाघात

कोणाच्या तरी अंगावरून वारे गेले असे कानावर आले की आपल्या डोळ्यांसमोर साठी-सत्तरीतला, रक्तदाब आणि मधुमेह जडलेला, बहुधा तंबाखूची सवय असलेला माणूस उभा राहतो. हे चित्र चुकीचे नाही, कारण बहुतेक पक्षाघात त्याच वयात आणि त्याच कारणांनी होतात. या लेखात ज्या पक्षाघाताविषयी लिहायचे आहे तो मात्र या चित्रात कुठेच बसत नाही. तो विशीत, तिशीत, चाळिशीत गाठतो. रक्तदाब पूर्वी कधी वाढलेला नसतो, साखर ठीक असते, आणि पुष्कळ वेळा घरात दोन-तीन आठवड्यांचे तान्हे मूल असते. मेंदूतून रक्त परत हृदयाकडे आणणाऱ्या शिरेत गुठळी झाल्यामुळे हा आजार होतो. डॉक्टर मंडळी त्याला ‘सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस’ किंवा थोडक्यात ‘सीव्हीटी’ म्हणतात. रुग्णाच्या कागदांवर ‘व्हीनस स्ट्रोक’ असेही लिहिलेले आढळते.

एकूण पक्षाघातांपैकी जेमतेम ०.५ ते १ टक्का पक्षाघात या प्रकारचे असतात, तेव्हा आजार दुर्मीळ आहे हे आधीच सांगून टाकलेले बरे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील ६२४ रुग्णांच्या अभ्यासात रुग्णांचे मध्य वय ३७ वर्षे होते आणि दर ४ रुग्णांमागे सुमारे ३ स्त्रिया होत्या. आपल्याकडे हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने ४२८ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत मात्र पुरुष निम्म्याहून किंचित अधिक निघाले. त्यामुळे हा बायकांचाच आजार आहे असे सरसकट म्हणता येत नाही. तरीही स्त्रीच्या आयुष्यात असे काही काळ येतात की ज्यांत हा धोका ठळकपणे वाढतो, आणि हे काळ कोणते ते आपल्याला आधीच ठाऊक असते. म्हणूनच त्याची ओळख घरातल्या सर्वांना असणे उपयोगाचे आहे.

पाट आणि मानस

धमनीचा पक्षाघात आणि शिरेचा पक्षाघात यांतला फरक समजून घ्यायला गोव्यातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, पाटाने पाणी येते. पाट मध्येच कुठे अडला तर त्याच्या पुढच्या पोफळी पाण्यावाचून सुकतात. धमनीत गुठळी अडकली की मेंदूच्या त्या भागाचे असेच होते. खाजन शेताचे, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या शेताचे, दुखणे वेगळे असते. तिथे शेतात साचलेले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून नदीत जाते, आणि भरती आली की नदीच्या खाऱ्या पाण्याच्या दाबाने तेच दार मिटते. हे दार गाळाने किंवा वाहून आलेल्या ओंडक्याने अडून बसले, तर ओहोटी लागूनही पाणी बाहेर पडत नाही. ते शेतात हळूहळू चढत जाते, रोपे पाण्याखाली गुदमरतात, आणि पाणी फारच चढले तर एखाद्या अशक्त जागी बांध फुटतो.

मेंदूच्या शिरेत गुठळी झाली की नेमके हेच घडते. धमन्यांतून रक्त येतच राहते, पण बाहेर जाण्याची वाट बंद असल्याने ते मागे तुंबते. शिरांमधला दाब वाढतो, रक्तातले पाणी आजूबाजूच्या भागात झिरपून सूज येते, पुढे तिथल्या पेशींना ताजे रक्तही पुरेसे मिळेनासे होते, आणि दाब असह्य झाला की बारीक वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. म्हणजे एकाच रुग्णाच्या मेंदूत गुठळीही असते आणि रक्तस्रावही असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण उपचारांच्या वेळी नातेवाइकांचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच उडतो.

मेंदूतल्या रक्ताचे हे परतीचे मार्ग दोन प्रकारचे आहेत. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या आणि आतल्या खोल भागातल्या शिरा लहान ओहोळांसारख्या असतात, आणि त्या मेंदूच्या जाड आवरणात असलेल्या मोठ्या वाहिन्यांना जाऊन मिळतात. या मोठ्या वाहिन्यांना ‘सायनस’ म्हणतात. सर्दीत चोंदणाऱ्या नाकाजवळच्या सायनसशी त्यांचा काही संबंध नाही, फक्त नाव तेच आहे. त्यांतला सर्वांत मोठा मार्ग डोक्याच्या मधोमध, कपाळापासून मागच्या बाजूपर्यंत, साधारण जिथे भांग पाडतात त्या रेषेखालून जातो. तिथून रक्त दोन्ही कानांच्या मागून वळत मानेतल्या मोठ्या शिरांत उतरते. मेंदूभोवती जे पाण्यासारखे द्रव असते तेही शोषले जाऊन मुख्यतः याच मधल्या मार्गात मिसळते. त्यामुळे हा मार्ग अडला की रक्ताबरोबर ते द्रवही साचते आणि कवटीच्या आतला एकूण दाब वाढतो.

उपमा इथे थोडी लंगडी पडते हेही कबूल केले पाहिजे. मेंदूतल्या शिरांना एकमेकींशी जोडणाऱ्या पुष्कळ आडवाटा असतात आणि रक्त काही काळ त्या वाटांनी निभावून नेते. गुठळी तीच असली तरी एकीला नुसती डोकेदुखी होते आणि दुसरी दोन दिवसांत बेशुद्ध होते, याचे कारण बऱ्याच अंशी आडवाटांच्या या फरकात असते.

डोके दुखण्यापासून फिट येण्यापर्यंत

पक्षाघात ओळखण्याची जी खूण आपल्याला शिकवली जाते ती अशी: तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, आणि हे सारे अचानक होणे. शिरेच्या पक्षाघातात यांतले काहीच सुरुवातीला दिसेल असे नाही. दर १० रुग्णांपैकी सुमारे ९ जणांचे डोके दुखते, आणि अनेकदा पहिले काही दिवस तेवढेच लक्षण असते. दुखणे बहुधा दिवसागणिक वाढत जाते, नेहमीच्या गोळीने उतरत नाही, आडवे झाल्यावर, खोकल्यावर किंवा वाकल्यावर अधिक जाणवते, आणि पहाटे उलटीसह जाग आणते. क्वचित ते एका क्षणात, डोक्यावर घाव बसल्यासारखे सुरू होते. कवटीतला दाब वाढलेला असल्याने नजर धूसर होते, उभे राहताना क्षणभर अंधारी येते किंवा एकाची दोन माणसे दिसू लागतात.

दुसरे महत्त्वाचे लक्षण म्हणजे फिट. साधारण १० पैकी ४ रुग्णांना फिट येते; धमनीच्या पक्षाघातात सुरुवातीलाच फिट येण्याचे प्रमाण याहून फारच कमी असते. म्हणून ज्या तरुण स्त्रीला पूर्वी कधी फिट आलेली नाही, तिला आठवडाभर डोके दुखल्यानंतर फिट आली, तर शिरेतल्या गुठळीचा विचार डॉक्टरांच्या मनात आधी यायला हवा. हात-पाय कमजोर होणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे येतात तीही काही वेळा आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला, कारण डोक्याच्या मधोमध असलेला मार्ग मेंदूच्या दोन्ही बाजूंचे रक्त वाहून नेतो. खोल भागातल्या शिरा अडल्या तर लुळेपणा येतोच असे नाही, पण माणूस सुस्त होतो, असंबद्ध बोलतो, ओळखीच्या गोष्टी विसरतो. अशा वेळी घरची मंडळी भलतेच कारण शोधत बसतात. बाळंतीण गप्प झाली, रडू लागली, मुलाकडे बघेना, की ‘दिष्ट लागली’ असे म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात. ओवाळायला माझी हरकत नाही, पण दवाखान्यात नेण्यासाठी गाडी बोलावल्यानंतर ओवाळावे.

हा आजार असा रेंगाळत येत असल्याने निदानालाही उशीर होतो. वर उल्लेख केलेल्या ६२४ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत गेलेला मध्य कालावधी ७ दिवसांचा होता.

बाळंतपण, गोळ्या आणि चवथ

रक्त वाहते राहावे आणि जखम झाल्यावर गोठावे, या दोन गोष्टींचा तोल शरीर सतत सांभाळत असते. गरोदरपणात हा तोल मुद्दामच गोठण्याच्या बाजूला झुकतो. प्रसूतीच्या वेळी आईचे खूप रक्त जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज आहे: रक्त गोठवणारी फायब्रिनोजेनसारखी प्रथिने वाढतात आणि गोठण्याला आवर घालणारे ‘प्रोटीन एस’ कमी होते. प्रसूती झाली म्हणून हा बदल त्याच दिवशी पूर्ववत होत नाही. सर्वाधिक धोका बाळंतपणानंतरच्या ६ आठवड्यांत असतो, आणि त्यापुढेही १२ आठवड्यांपर्यंत तो थोडाफार शिल्लक राहतो. सिझेरियन झाले असेल, जंतुसंसर्ग झाला असेल, बाई अनेक दिवस अंथरुणाला खिळून राहिली असेल, तर धोका आणखी वाढतो.

वैद्यकशास्त्राला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. या आजाराचे पहिले वर्णन १८२५ मध्ये रिब या फ्रेंच डॉक्टरने केले, ते एका ४५ वर्षांच्या पुरुषाचे होते. पण त्यानंतर अवघ्या ३ वर्षांनी, १८२८ मध्ये, स्कॉटलंडच्या अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी नोंदवलेली रुग्ण बाळंतीण होती.

बाळंतिणीच्या बाबतीत आपल्या घरांतल्या एका समजुतीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. ओली बाळंतीण पाणी प्यायली तर पोट सुटते, बाळाला सर्दी होते, म्हणून तिला पाणी मोजून द्यायचे, ही समजूत भारताच्या अनेक भागांत आहे आणि आपल्याकडेही काही घरांत ती टिकून आहे. त्यातच बंद खोली, कढत पाण्याची आंघोळ, शेक-शेगडी आणि एप्रिल-मे महिन्यांतला गोव्याचा घाम. अंगावर पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा अधिक पाणी लागते आणि आपण नेमके तेच तोडतो. शरीरातले पाणी कमी झाले की रक्त दाट होते आणि शिरांतून मंद वाहू लागते. बाळंतपणातल्या सीव्हीटीविषयी लिहिताना भारतीय डॉक्टर पाणी तोडण्याच्या या प्रथेचा उल्लेख आवर्जून करतात. मेथीची पेज, डिंकाचे लाडू, अळीव हे सारे खुशाल द्यावे. त्यांच्याबरोबर पाण्याचा तांब्याही तिच्या हाताशी ठेवावा.

रक्तक्षय हे दुसरे कारण. लोह कमी झाल्याने येणारा रक्तक्षय हा सीव्हीटीचा मान्य झालेला जोखीमघटक आहे. हैदराबादच्या नोंदींत तो सुमारे १८ टक्के रुग्णांत आढळला, आणि गुठळीला पोषक ठरणारे ‘होमोसिस्टीन’ हे द्रव्य रक्तात वाढलेले असण्याचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. होमोसिस्टीन वाढण्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची आणि फोलेटची कमतरता असू शकते. आपण मासे खाणारे, आपल्याला बी-१२ कुठे कमी पडणार, असे वाटणे साहजिक आहे. पण घरात रोज हुमण शिजत असले तरी वर्षानुवर्षे सोमवार, गुरुवार, श्रावण पाळणाऱ्या आणि सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईच्या ताटात त्यातले किती पडते, हा प्रश्न वेगळा आहे.

आता गोळ्यांकडे वळू. संततिनियमनाच्या नेहमीच्या गोळीत दोन संप्रेरके असतात. सरकारी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’ गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम असते. यांतले दुसरे म्हणजे इस्ट्रोजेन. ते यकृताला रक्त गोठवणारी प्रथिने जास्त बनवायला लावते. अशी गोळी घेणाऱ्या स्त्रियांत सीव्हीटीचा धोका न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ५ ते ७ पट आढळतो. हा आकडा वाचून कोणी घाबरून पाकीट कचऱ्यात टाकू नये. मुळातला धोका वर्षाला लाखात एक-दोन इतका लहान आहे. तो पाच-सात पट झाला तरी लाखात मोजक्याच स्त्रियांना हा आजार होईल, आणि नको असलेल्या गरोदरपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी नसतो. प्रश्न येतो तो गोळीच्या जोडीला दुसरे काही असेल तेव्हा. वजन खूप जास्त असेल, स्त्री धूम्रपान करीत असेल, पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात गुठळी झालेली असेल, आईला किंवा बहिणीला तरुणपणी असे काही झालेले असेल, तर धोके नुसते एकात एक मिळवले जात नाहीत, ते एकमेकांना गुणतात. अशा स्त्रीने इस्ट्रोजेन असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नये. काही रुग्णांच्या रक्तात गोठण्याला आवर घालणारे प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटिथ्रॉम्बिन जन्मतःच कमी असते आणि गोळी सुरू होईपर्यंत ते कोणाला माहीतही नसते.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळीविषयी मात्र जरा थांबून लिहायला हवे, कारण तिच्याकडे कोणी औषध म्हणून पाहतच नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पाळी येऊ नये, जत्रेला येऊ नये, भावाच्या लग्नात येऊ नये, म्हणून शेजारणीला विचारून, फार्मसीतून पाकीट आणून ही गोळी घेतली जाते. दिवसातून तीन वेळा, आठवडा-दोन आठवडे ती चालू राहते आणि पाहुणे राहिले की आणखी चार दिवस वाढते. या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. ते इस्ट्रोजेन नाही म्हणून निर्धोक आहे असे पूर्वी मानले जाई. पण शरीरात त्याचा थोडा अंश एथिनिल एस्ट्राडिऑलमध्ये, म्हणजे संततिनियमनाच्या गोळीतल्याच इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि पाळी ढकलण्यासाठी घेतली जाणारी मात्रा मोठी असल्याने हा अंश नगण्य राहत नाही. अशा गोळ्यांनंतर सीव्हीटी झालेल्या रुग्णांची वर्णने भारतीय डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहेत. त्यातच चवथीचे दिवस म्हणजे उपास, चुलीसमोरची धग, अपुरी झोप आणि पाण्याचा विसर. धोका फार मोठा आहे असे मी म्हणत नाही. निरोगी बाईने डॉक्टरांना विचारून ठराविक दिवस गोळी घेतली तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. माझा आग्रह इतकाच की चवथीनंतर डोके दुखू लागून दवाखान्यात जावे लागले, तर ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर देऊ नये. सासऱ्यांसमोर किंवा दिरासमोर सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना एकटीने भेटावे, पण सांगावे.

पुरुषांत आणि स्त्रियांत दोघांतही आढळणारी इतर कारणे थोडक्यात सांगतो: कानातला किंवा नाकाजवळच्या सायनसमधला जुना संसर्ग, कर्करोग, ल्युपससारखे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजार, रक्त सहज गोठू लागते तो अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, रक्तपेशी वाढण्याचे विकार आणि डोक्याला मार लागणे. अमेरिकेच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांना २०१२ च्या डिसेंबरमध्ये झालेली गुठळी याच शेवटच्या प्रकारची होती. पोटाच्या विकाराने शरीरातले पाणी कमी होऊन त्या चक्कर येऊन पडल्या, डोक्याला मार लागला आणि काही दिवसांनी उजव्या कानामागच्या मार्गात गुठळी सापडली. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी त्या बऱ्या झाल्या.

पहिला स्कॅन ‘नॉर्मल’ आला तरी

बाळंतपणानंतर डोके दुखण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतली बहुतेक किरकोळ असतात, हीच निदानातली खरी अडचण आहे. झोपेवाचून डोके दुखते, जुनी अर्धशिशी पुन्हा उसळते. पाठीत सुई देऊन सिझेरियन केले असेल तर कण्याभोवतीचे द्रव थोडे झिरपून एक विशिष्ट डोकेदुखी होते: उठून बसले की डोके फुटते आणि आडवे झाले की आराम पडतो. शिरेतल्या गुठळीचे दुखणे बहुधा याच्या उलट असते, आडवे झाल्यावर ते वाढते. पण पाठीतली सुई हे स्वतःच गुठळीचे एक क्वचित आढळणारे कारण आहे, त्यामुळे सुरुवातीला बसल्यावर दुखणारे डोके चार दिवसांनी बसो-निजो सतत दुखू लागले, तर ‘सुईचेच दुखणे आहे, जाईल’ असे म्हणून थांबू नये. प्रसूतीनंतर रक्तदाब वाढूनही डोके दुखते आणि झटके येतात. तोही तातडीचाच आजार असल्याने रक्तदाब मोजणे हे पहिले काम असते.

दुसरी अडचण तपासणीची. डोके दुखते म्हणून आधी साधा सीटी स्कॅन काढला जातो. रक्तस्राव किंवा मोठी सूज असेल तर तो ती दाखवतो, पण खुद्द गुठळीची थेट खूण साध्या सीटीवर सुमारे एक तृतीयांश रुग्णांतच दिसते. उरलेल्यांचा अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो, आणि तो कागद हातात पडला की घरचे निर्धास्त होतात. गुठळी पाहायची तर शिरांचाच नकाशा काढावा लागतो. त्यासाठी एमआरआयबरोबर ‘एमआर व्हेनोग्राफी’ किंवा शिरेत औषध सोडून ‘सीटी व्हेनोग्राफी’ करतात. रुग्णाने तपासण्यांची नावे पाठ करावीत असे नाही. पण ‘बाळंतपणाला तीन आठवडे झाले आहेत, आठ दिवस डोके दुखते आहे, रोज वाढते आहे, आणि शिरांचा स्कॅन झालेला नाही’ हे एक वाक्य डॉक्टरांना नीट सांगता आले तर पुष्कळ काम होते. शरीरात गुठळी असल्याचा इशारा देणारी डी-डायमर नावाची रक्ततपासणी मदत करते, मात्र गरोदरपणात आणि बाळंतपणात ती एरवीही वाढलेली असते, आणि ती नेहमीसारखी आली म्हणून गुठळी नाहीच असेही ठामपणे सांगता येत नाही.

फिट आली, शुद्ध हरपू लागली, हात-पाय कमजोर झाला किंवा नजर गेली, तर जवळच्या दवाखान्यात औषध घेऊन वाट पाहण्यात अर्थ नाही. १०८ ला फोन करून, मेंदूविकारतज्ज्ञ आणि एमआरआय जिथे आहेत अशा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पोहोचावे. काणकोण किंवा सत्तरी अशा लांबच्या तालुक्यातून निघायचे असेल तर वाटेतला वेळ हिशेबात धरून आणखी लवकर निघावे.

रक्तस्राव असताना रक्त पातळ करायचे?

निदान झाले की डॉक्टर हेपारिन हे रक्त पातळ करणारे औषध सुरू करतात. आजकाल ते बहुधा पोटावर कातडीखाली टोचायच्या इंजेक्शनच्या रूपात दिवसातून दोनदा दिले जाते. याच वेळी नातेवाइकांपैकी कोणीतरी अहवालावरची ‘रक्तस्राव’ ही नोंद दाखवून विचारतो की डोक्यात रक्त सांडलेले असताना रक्त पातळ करण्याचे औषध कसे देता. प्रश्न अगदी रास्त आहे आणि एकेकाळी डॉक्टरांनाही तो पडला होता.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी जर्मनीत केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत अवघे २० रुग्ण होते. १० जणांना हेपारिन दिले आणि १० जणांना दिले नाही. हेपारिन मिळालेल्यांपैकी ८ जण पूर्ण बरे झाले, २ जणांत किरकोळ दोष राहिला आणि मृत्यू कोणाचाही झाला नाही. न मिळालेल्यांपैकी ३ दगावले, ६ जणांत कमी-अधिक दोष राहिला आणि पूर्ण बरा झाला तो एक. फरक इतका उघड होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. २० ही संख्या लहान आहे हे खरे, आणि पुढची चाचणी मोठी असूनही तिच्यात फरक इतका ठळक दिसला नाही. तरी रक्तस्राव असलेल्या रुग्णांतही हेपारिनमुळे नुकसान होत नाही, ही गोष्ट या अनुभवातून प्रस्थापित झाली. खाजनाच्या भाषेत सांगायचे तर बांध फुटला आहे तो मानस अडल्यामुळे. फुटलेल्या जागी नुसती माती टाकत राहिलो आणि दार तसेच अडलेले ठेवले, तर पाणी दुसरीकडून बांध फोडील. आधी दार मोकळे करावे लागते. हेपारिन जुनी गुठळी स्वतः विरघळवत नाही, ती वाढू देत नाही. विरघळवण्याचे काम शरीर आपल्या गतीने करते आणि तोवर आडवाटांना रक्त वाहून नेण्याची सवड मिळते.

शिरेतून नळी घालून गुठळी काढण्याचा उपायही आहे, पण तो सर्रास केल्याने निकाल सुधारत नाही असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. म्हणून तो निवडक रुग्णांपुरता राखून ठेवतात. सूज इतकी वाढली की मेंदू दाबला जाऊ लागला, तर कवटीचा तुकडा काही महिन्यांसाठी काढून ठेवण्याची शस्त्रक्रिया करतात. ऐकायला ती भयंकर वाटते, पण तिने जीव वाचतात, आणि तिच्यानंतर पुन्हा स्वतःच्या पायांवर चालत आपले घर सांभाळणाऱ्या स्त्रिया आहेत.

इंजेक्शनांनंतर वॉरफॅरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू होतात. बाळंतपणासारखे तात्पुरते कारण असेल तर त्या ३ ते ६ महिने, कारण सापडले नाही तर ६ ते १२ महिने, आणि अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमसारखा कायमचा दोष असेल तर बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागतात. वॉरफॅरिन घेणाऱ्यांना रक्त कितपत पातळ झाले ते दाखवणारी ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी वारंवार करून आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. तांबडी भाजी, मुळ्याचा पाला यांसारख्या पालेभाज्यांतले के-जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते. भाज्या बंद करायच्या नाहीत, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात मुळीच नाही असेही करायचे नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला हेपारिन आणि वॉरफॅरिन दोन्ही चालतात, त्यासाठी बाळाचे दूध तोडण्याची गरज नसते. नव्या पिढीच्या गोळ्या, ज्यांना सतत रक्ततपासणी लागत नाही, त्या इतर रुग्णांत वॉरफॅरिनच्या तोडीच्या ठरल्या आहेत, पण गरोदर आणि पाजणाऱ्या स्त्रियांना त्या देत नाहीत.

वेळेवर उपचार झालेल्यांपैकी १० पैकी सुमारे ८ जण चांगले बरे होतात. धमनीच्या पक्षाघाताच्या तुलनेत हा निकाल पुष्कळच बरा आहे. तरी ‘बरी झाली’ या शब्दांमागे काही गोष्टी लपून राहतात. अनेक महिने अधूनमधून डोके दुखते, एका वेळी दोन कामे लक्षात राहत नाहीत, फिट येईल या भीतीने बाळाला एकटीने आंघोळ घालायचे धाडस होत नाही. बाहेरून सगळे ठीक दिसत असल्याने घरच्यांना हा आळस वाटतो. तो आळस नसतो.

पुढच्या गरोदरपणाविषयी विचारायला बायका कचरतात, म्हणून तेही इथेच लिहितो. एकदा सीव्हीटी झाली म्हणून पुन्हा मूल होऊ देऊ नये असे डॉक्टर सहसा सांगत नाहीत. वॉरफॅरिन चालू असताना मात्र गर्भ राहू देऊ नये, कारण पहिल्या तीन महिन्यांत ते गर्भाला बाधते. संततिनियमनासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळीऐवजी तांबी बसवून घेता येते. आणि दिवस राहिले की पहिल्याच भेटीत जुनी फाइल डॉक्टरांसमोर ठेवावी. अशा स्त्रीला बहुधा गरोदरपणभर आणि बाळंतपणानंतरचे ६ आठवडे कमी मात्रेत हेपारिनची इंजेक्शने घ्यावी लागतात, ती बहुधा तिची तीच टोचायला शिकते, आणि प्रसूतीच्या वेळी ती कधी थांबवायची हे प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवतात.